पहिली चांदणी: तुकडे जोडून गोधडीचा ब्लॉक कसा शिवायचा

माझा पहिला ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एक चौकोन, टेबलावर सपाट पडायलाच तयार नव्हता. मधोमध फुगलेला, पालथ्या ताटलीसारखा. चारही बाजू मोजल्या तर चारही वेगळ्या. शिलाई वाकडी गेली असणार असं वाटून मी ती उसवायला घेतली आणि मग लक्षात आलं की शिलाई सरळच आहे. घोटाळा तीन ठिकाणी झाला होता: कापताना, इस्त्री फिरवताना आणि माया धरताना. एकेक चूक जेमतेम सूतभराची, पण ब्लॉकमध्ये चुका जिरत नाहीत, साठत जातात. म्हणून खाली टाके घालण्यापेक्षा मोजण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी मापाची भाषा ठरवून घेऊ. एका इंचाचे आठ सूत. शिवणीच्या पलीकडे जे कापड आत राहतं ती माया. ठिगळकामात माया सगळीकडे पाव इंच, म्हणजे दोन सूत ठेवतात. ब्लाउज किंवा सदरा शिवणाऱ्याला ही फारच कमी वाटते, कारण कपड्यात पुढे उसवून सैल करायची सोय ठेवावी लागते. इथे ती गरज नाही, आणि माया जास्त ठेवली तर ब्लॉकच्या मागे कापडाचे थर साचून जाडी येते.

काय शिवणार आहोत

नऊ चौकोनांची चांदणी. तीन ओळी, ओळीत तीन चौकोन. चार कोपऱ्यांत साधे चौकोन, मध्यभागी एक चौकोन, आणि उरलेल्या चार जागी असे चौकोन की ज्यांचा कर्णाच्या एका बाजूचा अर्धा भाग गडद आणि दुसरा फिका. या गडद त्रिकोणांमुळे चार टोकांची, जराशी फिरकीसारखी कललेली चांदणी तयार होते. ब्लॉक शिवून पूर्ण झाल्यावर १२.५ इंच भरेल आणि गोधडीत जोडला गेला की १२ इंच दिसेल. मधला अर्धा इंच म्हणजे चारी बाजूंची माया.

कापडं सहा घ्या: एक पार्श्वभूमीचं, चार टोकांसाठी चार, आणि मधल्या चौकोनासाठी एक. पार्श्वभूमीचं कापड साधारण १२ इंच बाय २२ इंच असलं की पुरतं. बाकीच्यांचे सहा-सहा इंचांचे तुकडे बास.

कापडं एकमेकांशी पटतात का

नवशिक्याचा बहुतेक वेळ रंग जुळवण्यात जातो. मी आधी पोत जुळवायला सांगेन. सहाही कापडं साध्या विणीची, सुती आणि साधारण सारख्या जाडीची हवीत. जाड डेनिमशेजारी झिरझिरीत मलमल लावली तर शिवताना मलमल ओढली जाते आणि धुतल्यावर सगळा ताण त्याच जागी येतो. टी-शर्टाचं ताणलं जाणारं कापड पहिल्या ब्लॉकला नकोच. पुढे कधी वापरायचं झालं तर त्याला मागून इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर लावून घ्यावं लागतं. सिंथेटिक कापडावर इस्त्रीची घडी बसत नाही आणि गरम इस्त्रीनं ते आकसतं, प्रसंगी वितळतंही.

जुन्या कपड्याचे तुकडे वापरायला काहीच हरकत नाही. फक्त उजेडासमोर धरून बघा. कोपराजवळ, मानेजवळ, जिथे घर्षण होतं तिथे विरलेलं कापड लगेच कळतं. ते सोडून द्या.

सगळी कापडं आधी धुवा, म्हणजे जे आटायचं ते आत्ताच आटेल. गडद लाल, निळं आणि काळं वेगळं धुवा. मग पांढरं फडकं ओलं करून त्या कापडावर घासा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही लागतच असेल तर ते कापड या कामाचं नाही. एकदा मी हे टाळलं. त्या गोधडीतली पांढरी पार्श्वभूमी आज गुलाबी आहे, आणि पाहुण्यांना ती मुद्दाम तशी निवडली असं मी सांगते.

आता रंग. चांदणी दिसते ती रंगामुळे कमी आणि गडद-फिक्या फरकामुळे जास्त. लाल आणि हिरवा डोळ्यांना अगदी वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून त्यांचा एकच डाग दिसतो. सोपी परीक्षा अशी: सहाही कापडं शेजारी ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. पार्श्वभूमी आणि चार टोकं यांच्यात स्पष्ट फरक दिसायला हवा. टोकांची कापडं आपसात थोडी कमी-जास्त गडद असली तरी चालतात, उलट त्यानंच ब्लॉकला जिवंतपणा येतो.

छापाचंही तसंच. मोठमोठ्या फुलांच्या कापडातून चार इंचांचा त्रिकोण काढला की हाती काय येईल याचा अंदाज येत नाही. एका पुठ्ठ्यात चार इंचांच्या बाजूंचा काटकोनी त्रिकोण कापून खिडकी करा आणि ती कापडावर फिरवून बघा. ज्या छापात पांढरे आणि गडद भाग सारख्याच आकाराचे आहेत तो टोकांना लावू नका; पांढरा भाग नेमका शिवणीजवळ आला की टोक तुटल्यासारखं दिसतं. पट्ट्यांचं कापडही पहिल्या वेळी नको.

हत्यारं

रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याचं कापड कापायचं हत्यार), त्याखाली ठेवायची मॅट आणि पारदर्शक जाड पट्टी असेल तर काम झटपट होतं. ओल्फा या जपानी कंपनीनं १९७९ साली रोटरी कटर बाजारात आणलं, तोपर्यंत पुठ्ठ्याचे साचे, पेन्सिल आणि कात्री यांवरच भागत होतं आणि आजही भागतं. कात्री असेल तर पुठ्ठ्याचा अचूक चौकोन करा, त्याभोवती बारीक टोकाच्या पेन्सिलनं रेघ मारा आणि रेघेच्या आतल्या कडेनं कापा. बाहेरून कापलंत तर रेघेची जाडी प्रत्येक तुकड्यात जमा होते. कटर वापरत असाल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: हातातून खाली ठेवायच्या आधी पातं बंद. पट्टीवरची बोटं कडेपासून दूर, आणि कटर नेहमी आपल्यापासून लांब ढकलायचा.

याशिवाय बारीक टाचण्या, सुती दोरा (फिका करडा किंवा मळकट पांढरा सगळ्या रंगांत मिसळून जातो), इस्त्री आणि उसवायला सीम रिपर. मशिनला ८०/१२ नंबरची नवी सुई लावा आणि टाका २ ते २.२ मिलिमीटरवर ठेवा. मोठा टाका घातला तर कापलेल्या टोकांशी शिवण सुटायला लागते, कारण आपण इथे उलट टीप मारत नाही.

दोन सूत म्हणजे नक्की किती

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. टाकाऊ कापडाच्या दीड इंच रुंद आणि चार-पाच इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. मायेचा अंदाज धरून तिन्ही शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी सुलट बाजूनं मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त धरली जातेय, जास्त भरली तर कमी.

बहुतेकांची पहिल्यांदा कमीच भरते. सुई कडेपासून नेमकी दोन सुतांवर असली तरी दोऱ्याची जाडी आणि शिवणीवर वळलेली कापडाची घडी थोडी जागा खाते. म्हणून शिलाई दोन सुतांच्या किंचित आत, केसभर कडेकडे घ्यावी लागते. ती जागा सापडली की मशिनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर लावून कुंपण करा. कापडाची कड त्या कुंपणाला घासत जाईल अशी शिवा आणि सुईकडे बघत बसू नका, नजर कुंपणावर.

एवढा आटापिटा कशासाठी, तर हिशेब बघा. माया फक्त अर्धा सूत जास्त धरली असं समजा. शिवण दोन तुकड्यांची असते, म्हणून एका शिवणीत एक सूत गेला. आपल्या ओळीत दोन शिवणी आहेत, म्हणजे दोन सूत गेले आणि १२.५ इंचांचा ब्लॉक १२.२५ झाला. सगळे ब्लॉक सारखेच लहान झाले तर निभावतं, गोधडी थोडी आखूड होते इतकंच. पण एक १२.२५ आणि त्याच्या शेजारचा १२.५ असेल तर जोडताना एक ताणावा लागतो, दुसरा चुरगळतो.

कापणं

आधी कापडाला इस्त्री करा. स्टार्च असेल तर आत्ताच फवारा; कापल्यावर फवारलं तर तुकडे वेडेवाकडे आटतात. कापडाचा काठ, म्हणजे ती घट्ट विणलेली कड, कापून टाका. तिचा ताण बाकी कापडापेक्षा वेगळा असतो.

कापड दोन्ही हातांनी धरून ओढून बघा. काठाला समांतर, उभ्या धाग्यात ते जवळजवळ ताणलं जात नाही. आडव्या धाग्यात थोडं ताणतं. तिरपं, म्हणजे उरेबमध्ये ओढलं तर रबरासारखं येतं. चौकोनाच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यात राहतील असंच कापायचं. त्रिकोणाची लांब बाजू मात्र उरेबमध्येच येते, आणि तिथेच नवशिक्यांचं काम बिघडतं. यावरचा उपाय पुढे येईल.

पार्श्वभूमीच्या कापडातून ४.५ इंचांचे चार चौकोन आणि ५ इंचांचे चार चौकोन कापा. टोकांच्या चार कापडांतून प्रत्येकी एक, ५ इंचांचा. मधल्या कापडातून एक, ४.५ इंचांचा. कापलेला पहिला तुकडा मोजा, मगच बाकीचे कापा. एका वेळी दोनपेक्षा जास्त थर ठेवू नका.

त्रिकोण न कापता त्रिकोण

उरेबच्या कटकटीवरचा उपाय हा: त्रिकोण आधी कापायचेच नाहीत. पार्श्वभूमीचा एक आणि टोकाचा एक, असे ५ इंचांचे दोन चौकोन सुलट बाजूला सुलट बाजू लावून ठेवा. फिक्या कापडाच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलनं कर्ण आखा. कर्णाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत अंतरावर एकेक टीप मारा. मग कर्णावरून कापा. उघडलं की दोन त्रिकोणी चौकोन तयार. उरेबची कड उघडी पडायच्या आतच शिवली गेलेली असते, त्यामुळे ती ताणायची संधीच मिळत नाही.

चार जोड्यांचे आठ होतील. आपल्याला चारच लागणार आहेत, प्रत्येक कापडाचा एक. दोनांतला बरा निवडायचा, म्हणजे हात बसेपर्यंत एक संधी फुकट मिळते. चारही जोड्या दोरा न तोडता एकामागून एक शिवा; मध्ये दोन-तीन टाके रिकामे जाऊ द्या आणि शेवटी कात्रीनं सुटं करा.

आता इस्त्री. इथेच माझी ताटली झाली होती. कपड्याला करतो तशी इस्त्री पुढे-मागे फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. आधी तुकडा बंद असतानाच शिवणीवर इस्त्री ठेवा, त्यानं टाके कापडात बसतात. मग गडद बाजू वर ठेवून उघडा आणि माया गडद कापडाखाली जाईल अशी दाबा. फिक्याखाली गेली तर समोरून सावलीसारखी दिसत राहते. वाफ नको. वाफ आणि ओढ एकत्र आली की उरेबची कड हातोहात वाढते.

५ इंचांच्या चौकोनांतून आलेला हा तुकडा ४.५ पेक्षा साधारण सूतभर मोठा असतो. ते मुद्दामच आहे. पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर नेमकी बसवा, दोन बाजू छाटा, तुकडा फिरवा आणि उरलेल्या दोन बाजू ४.५ वर छाटा. कर्णाच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेले कापडाचे कान त्यातच निघून जातील. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण आधीच्या सगळ्या बारीकसारीक चुका इथे पुसल्या जातात आणि पुढचं काम नव्या पाटीवर सुरू होतं.

मांडणी

नऊही तुकडे टेबलावर मांडा. वरच्या मधल्या जागेतल्या तुकड्याचा गडद काटकोन मधल्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकला पाहिजे. उजवीकडच्याचा वरच्या उजव्या, खालच्याचा खालच्या उजव्या आणि डावीकडच्याचा खालच्या डाव्या कोपऱ्याला. म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरत जायचं. मांडून झालं की फोटो काढा. शिवायला उचललेला तुकडा एकदा तरी उलटा लागतोच, आणि टेबल ते मशिन या चार पावलांत तो कसा फिरतो हे मला आजवर उमगलेलं नाही.

ओळी, मग ब्लॉक

प्रत्येक ओळीतले तीन तुकडे जोडा. एक कापड दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं वाटत असेल तर ते खाली ठेवा. मशिनचे दाते खालचं कापड थोडं जास्त आत घेतात आणि फरक भरून निघतो. टाचणी आडवी लावा, सुई जवळ आली की काढा. टाचणीवरून शिवलं तर सुई मोडते.

माया कुठे वळवायची ते आता नीट बघा. वरच्या आणि खालच्या ओळीत ती बाहेर, कोपऱ्यातल्या साध्या चौकोनांकडे. मधल्या ओळीत आत, मधल्या चौकोनाकडे. दोन फायदे होतात. त्रिकोणी चौकोनात आधीच एक शिवण आहे, तिथे आणखी जाडी साचत नाही. आणि दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की वरच्या ओळीची माया एका बाजूला आणि खालचीची दुसऱ्या बाजूला असल्यामुळे शिवणी एकमेकींत खाचेसारख्या बसतात. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच सरकवा. दोन्ही उंचवटे एकमेकांना अडले की बोटांनाच कळतं. तिथे टाचणी.

जोडण्याआधी प्रत्येक ओळ मोजा: १२.५ इंच बाय ४.५ इंच. एखादी कमी भरली तर आत्ताच ती शिवण उसवा. एका बाजूनं दर तिसरा-चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूनं दोरा ओढा, तो अख्खा निघून येतो. कापड ओढून फाडल्यासारखं उसवलं तर कडा ताणतात आणि नवा तुकडा कापावा लागतो.

ओळी जोडताना आधी दोन्ही खाचांवर, मग दोन टोकांना टाचण्या लावा. लांब शिवणींची माया बाहेरच्या ओळींकडे वळवा आणि ब्लॉक सुलट करून एकदा दाबून घ्या.

शिवणी जुळल्या का? अर्ध्या सुताच्या आतला फरक असेल तर मी उसवत नाही. हातभर अंतरावरून तो दिसत नाही आणि गोधडी धुतल्यावर कापडाला येणाऱ्या बारीक सुरकुत्यांत हरवून जातो. सूतभर असेल आणि नेमका मधल्या चौकोनाच्या कोपऱ्यावर असेल तर उसवते.

आता चांदणीची बाहेरची टोकं तपासा. प्रत्येक टोक ब्लॉकच्या कडेपासून बरोबर दोन सूत आत संपलं पाहिजे. ते दोन सूत पुढच्या जोडणीत मायेत जातील आणि टोक शिवणीला अलगद टेकेल. म्हणूनच ब्लॉक थोडा मोठा झाला तर तो कडेनं सरसकट छाटायचा नाही; टोकं बोथट होतात. आतली कोणती माया कमी धरली गेली ते शोधून तीच शिवण दुरुस्त करायची.

मशिन नसेल तर

हातानं शिवायचं असेल तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूवर कडेपासून दोन सूत आत शिवणीची रेघ आखा. दोन तुकड्यांच्या रेघांची टोकं टाचणीनं जुळवा आणि रेघेवरून बारीक धावदोरा घाला, इंचाला आठ-दहा टाके. दर इंचाला एक बखियाचा टाका मारलात तर दोरा सैल होत नाही. त्रिकोणी चौकोनांसाठी कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या रेघाही आखूनच घ्याव्या लागतील. एका संध्याकाळी ब्लॉक होत नाही, पण शिवणी मात्र मशिनपेक्षा चांगल्या जुळतात, कारण प्रत्येक टाका डोळ्यांखालून जातो.

उरलेले चार त्रिकोणी चौकोन पाकिटात घालून त्यावर ‘४.५ इंच, छाटलेले’ असं लिहून ठेवा. दोन महिन्यांनी माप आठवत नाही. त्यांना ४.५ इंचांचे चार पार्श्वभूमीचे आणि एक मधला असे पाच चौकोन मिळाले की दुसरा ब्लॉक तयार. या वेळी मधलं कापड टोकांपेक्षा बरंच फिकं घेऊन बघा, तीच चांदणी पोकळ दिसायला लागते. तयार ब्लॉक घडी न घालता सपाट ठेवा.